सांडू हिवराळेंच्या घरचा पाव्हणा

शेंद्र्याच्या सांडू हिवराळेंनी एकोणीस वर्षं बायकोला आपलं काम अर्धंच सांगितलं होतं.

कामाला लागले त्या आठवड्यात गीताबाईंनी विचारलं होतं, "कशाची कंपनी हाय?"

"औषधाची."

"मंग काम काय असतं तुम्हाला?"

"धुणं-पुसणं."

दोन्ही उत्तरं खरी होती. रोज सकाळी साडेसहाला फाट्यावर कंपनीची बस यायची, सांडूभाऊ डबा घेऊन चढायचे, शहर ओलांडून पलीकडच्या एका प्रयोगशाळेच्या फाटकात उतरायचे. तिथं नवी औषधं माणसाला देण्याआधी जनावरांना देऊन बघत. सांडूभाऊंच्या ओळखपत्रावर 'प्राणी परिचर' असं लिहिलेलं होतं. ते पिंजरे धूत, खाणं वजन करून वाटत. आणि डॉक्टर कुत्र्यांचं रक्त काढायला येत तेव्हा कुत्र्याला मांडीशी धरून बसत. ही शेवटची गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नाही. गीताबाई दर रविवारी विहारात जायच्या, सांडूभाऊही मागच्या ओळीत बसायचे. पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिमात्राला इजा न करण्याचं. ते म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. सुरुवातीला त्यांना वाटायचं, सांगू कधीतरी. मग सांगायची वेळ निघून गेली आणि नंतर तर सांगण्यासारखं काही आहे हेच ते विसरून गेले.

कामात मात्र त्यांचा हात सगळ्यात हलका होता. बाकीच्यांच्या हातात कुत्री धडपडायची, सांडूभाऊंच्या हातात गप बसायची. ते कानाजवळ तोंड नेऊन हळू म्हणायचे, "झालं, झालं." सुई टोचण्याआधीच म्हणायचे. एका नव्या डॉक्टरनं एकदा विचारलंही, "मामा, अजून काही झालंच नाही, तुम्ही 'झालं' काय म्हणता?"

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेनं कुत्र्यांवरचं काम बंद करायचं ठरवलं. शेवटची चौदा कुत्री उरली होती, सगळी बीगल जातीची. लांब कान, पांढऱ्या अंगावर काळी-तपकिरी ठिगळं. त्यांना घरं शोधून द्यायचं काम शहरातल्या एका संस्थेनं घेतलं. संस्थेची तनुजा नावाची मुलगी फायली घेऊन आठवडाभर येत होती. घरं बघून ठेवलेली, माणसांशी बोलून झालेलं. गारखेड्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोन नेली, सिडकोतल्या एका निवृत्त मास्तरांनी एक. एकेक करत तेरा गेली. चौदावं सात वर्षांचं होतं. कुणी बघायला आलं की ते पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. आलेले लोक चुकचुकायचे आणि दुसरं मागायचे.

शेवटच्या दिवशी सांडूभाऊ त्याच्या पिंजऱ्यासमोर पाइप घेऊन उभे होते. तनुजा मागून म्हणाली, "काका, याला कुणीच नाही ना हो."

"मी नेऊ का?"

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं ते त्यांना आजही सांगता येत नाही. घरी विचारलेलं नव्हतं. कुत्रा पाळायची हौस नव्हती. रोज आठ तास कुत्र्यांत काढणाऱ्या माणसाला घरी कुत्रं कशाला हवं असेल?

तनुजानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि फॉर्म काढला.

"यापूर्वी कुत्रा सांभाळलाय का?"

सांडूभाऊंनी विचार केला. "सांभाळलेत. मोजले नाय. तीन-चारशे आसतील."

तनुजाचं पेन थांबलं. फॉर्ममधल्या चौकटीत तेवढा आकडा बसत नव्हता. तिनं नुसतं 'होय' लिहिलं.

"ते कुठं आहेत आता?"

सांडूभाऊ रिकाम्या पिंजऱ्यांकडं बघत राहिले. तिलाही प्रश्न विचारल्यावर तो कळला असावा. तिनं पान उलटलं.

कुत्रं घरी आलं तेव्हा गीताबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. पोरगी अपेक्षा कॉलेजातून नुकतीच आलेली. ती शहरात डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सांडूभाऊंनी सांगितलं, "कंपनीच्या सायबाचं हाय. त्यांची बदली झाली."

हे मात्र खोटं होतं. एकोणीस वर्षांतलं पहिलं.

कुत्रं दारात उभं राहिलं आणि खाली बघायला लागलं. त्यानं आजवर माती बघितली नव्हती. एक पाय टेकवी, उचली, पुन्हा टेकवी. जन्मभर नळीच्या तोंडातून पाणी प्यालेलं, त्यामुळं भांड्यातलं पाणी त्याला पाणीच वाटेना. गीताबाईंनी वाडग्यात बोट बुडवून त्याच्या नाकाला लावलं तेव्हा कुठं जीभ बाहेर आली. उन्हाची तिरीप अंगावर आली की ते दचकून बाजूला सरकायचं. घरात आल्यावर कुठं बसावं हे न कळल्यासारखं दाराच्या कडेला अंग चोरून बसलं.

"अगं बाई, पाव्हण्यासारखं काय बसलंय," गीताबाई म्हणाल्या. तेच त्याचं नाव पडलं. पाव्हणा.

त्याच्या कानाच्या आतल्या बाजूला निळे आकडे होते. गीताबाईंनी कान उलटून बघितला आणि हसल्या. "गोंदलंय की! आमच्यासारखंच." त्यांनी आपल्या मनगटावरचं हिरवं गोंदण त्याच्या कानाशेजारी धरलं. "सायबाला हौस दिसती लई."

अपेक्षानंही आकडे बघितले. मग बापाकडं बघितलं.

सांडूभाऊंना वाटलं होतं, इतर कुणाला नाही तरी आपल्याला पाव्हणा ओळखेल. सात वर्षं रोजची ओळख. पिंजऱ्यापाशी गेलं की शेपटी हलायची. पण घरी ते जवळ गेले की पाव्हणा नुसता बघत राहायचा. चार दिवस गेले, पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मोसंबीला पाणी द्यायचं म्हणून त्यांनी पायात गमबूट चढवले, तर पाव्हणा उठून धावतच आला, शेपटी हलवत, बुटांना नाक घासत. तसलेच बूट ते कामावर घालायचे.

सांडूभाऊ मोसंबीच्या आळ्यात तसेच उभे राहिले. सात वर्षं हे कुत्रं आपल्याला बघून खुश होत होतं की बुटांना? आणि आत्ता खुश झालं ते आपण आलो म्हणून, की परत तिकडं न्यायला आलो असं वाटलं म्हणून? त्यांनी बूट काढून ठेवले. पाव्हणा बुटांजवळच बसला. दुसऱ्या दिवशी ते अनवाणीच पाणी द्यायला गेले आणि तळपायात काटा घेऊन आले.

शेजारचे कडूबा शेळ्या पाळायचे. त्यांनी दुरूनच विचारलं, "सांडू, खरं सांग, हे औषधाच्या कंपनीचं हाय ना? त्याच्या अंगात काय काय घातलं आसंल. माझ्या शेळ्यांकडं नको सोडू बाबा."

"त्याला काय व्हतंय? धडधाकट हाय."

"मंग भुंकत काहून नाय?"

पाव्हणा खरंच भुंकत नव्हता. गल्लीतली कुत्री अंगावर यायची तेव्हा तो आडवा पडायचा, आणि तीच गोंधळून निघून जायची.

एका दुपारी सांडूभाऊ त्याला आंघोळ घालत होते. साबण डोळ्यात गेला असावा, पाव्हणा आखडला. सांडूभाऊ सवयीनं म्हणाले, "झालं, झालं."

पाव्हणा खाली बसला. उजवा पुढचा पाय सरळ समोर केला आणि मान डावीकडं वळवली.

सांडूभाऊंचा हात साबणासकट थांबला. रक्त काढायला हाच पाय, असाच, आणि मान अशीच. इथं सुई नव्हती, डॉक्टर नव्हता, तरी त्यानं आपलं काम करून टाकलं होतं.

तेवढ्यात गीताबाई आतून आल्या. "अगंबाई! शेकहँड करतंय! अपेक्षा, ये बाहेर, बघ पाव्हणा कसा हात देतोय!" त्यांनी खाली बसून तो पाय धरून हलवला. "कसे हायेत पाव्हणं, बरे हायेत ना?"

पुढच्या आठवड्याभरात गल्लीत सगळ्यांना माहीत झालं. बाया येता-जाता थांबायच्या, "गीताबाई, तुमचा पाव्हणा हात देतो म्हणं?" पाव्हण्यासमोर कुणीही उकिडवं बसलं की तो पाय पुढं करी, मान फिरवी. बाया हसायच्या. "लाजतंय बघा, तिकडं बघतंय!" गीताबाईंना इतका मान कधी मिळाला नव्हता. सायबाच्या घरचे संस्कार, असं त्या सांगायच्या. सांडूभाऊ घरात बसून ऐकायचे. रोज ठरवायचे आज सांगू, आणि बायकोचा उजळलेला चेहरा बघून उद्यावर टाकायचे. आपण हे तिच्यासाठी लपवतो की स्वतःसाठी, हेही त्यांना नीट उमगत नव्हतं.

महिना-दीड महिन्यानं पाव्हण्याच्या कानातून पू यायला लागला. गीताबाई म्हणाल्या, मीही येते. रिक्षानं शहरात गेले. क्रांती चौकात गर्दीत रिक्षा अडकली, चहूबाजूंनी हॉर्न. पाव्हण्याला त्याचं काही वाटलं नाही. समोरच्या दुचाकीवरच्या बाईचा पदर वाऱ्यानं फडफडत होता, त्याला मात्र तो घाबरून सीटखाली शिरला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉ. सायली नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी कान तपासला. रक्त बघावं लागेल म्हणाल्या, आणि मदतनिसाला तोंडाला बांधायची पट्टी आणायला सांगितलं. सुईचं पाकीट फाडलं. त्या आवाजासरशी पाव्हणा टेबलावर बसला, उजवा पाय पुढं केला आणि मान वळवली.

"बघा डॉक्टरीणबाई, शेकहँड!" गीताबाई कौतुकानं म्हणाल्या.

डॉ. सायली हसल्या नाहीत. पायावरचे केस बाजूला करून त्यांनी शिरेवरून बोट फिरवलं. तिथली कातडी जाड झाली होती. त्यांनी कान उलटून आकडे बघितले. मदतनीस पट्टी घेऊन आला, त्याला हातानंच नको म्हणाल्या.

"प्रयोगशाळेतला आहे का हा?"

"नाय, सायबाचा हाय," गीताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी रक्त काढलं. पाव्हणा हललाही नाही. कापूस दाबत त्या सांडूभाऊंना म्हणाल्या, "तिथं याला ज्यानं कुणी धरलं असेल, त्यानं फार मायेनं धरलं असणार. नाहीतर असं बसत नाहीत ही."

"मी," सांडूभाऊ म्हणाले.

गीताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं.

रिक्षात गीताबाई बाहेर बघत होत्या. चिकलठाणा मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यो शेकहँड नव्हता."

"नाय."

"आणि मी गल्लीभर..." त्या थांबल्या. "तुम्ही बघत व्हते ना? रोज बघत व्हते."

"व्हय."

घरी आल्यावर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, तीही सलग नाही. भाकरी थापताना एक, दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना एक.

"मरायची का कुत्री?"

"काही मरायची."

"तुमच्या हातात?"

"कधी कधी."

"तुम्हाला काय वाटायचं?"

"मला वाटायचं, दुसऱ्याच्या हातात जाण्यापेक्षा माझ्या हातात बरं. पण हे मी तवा वाटून घेतलं, का आत्ता तू विचारलं म्हणून वाटतंय, ते मला कळत नाय गीता."

त्या रविवारी गीताबाई एकट्याच विहारात गेल्या. येताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची वेळ झाली होती. गोळी तळहातावर ठेवून त्यांनी अपेक्षाला विचारलं, "ही पण आधी कुत्र्याला देली आसंल का गं?"

अपेक्षा खोटं बोलली नाही. "दिली असेल आई. उंदरांना, कुत्र्यांना. आमच्या पुस्तकात पूर्ण धडा आहे त्यावर. आता दुसरे मार्ग निघतायत, पण तेव्हा असंच होतं."

"तुला पयलंच माहीत व्हतं, बाबाचं?"

"कानातले आकडे बघून कळलं. पण मी पण तेच शिकतेय ना. मी काय बोलणार?"

गीताबाईंनी गोळी परत डबीत ठेवली. दोन दिवस घेतली नाही. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं चढलं की भिंत धरून बसल्या. पाव्हणा त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. त्यांनी अपेक्षाकडून पाणी मागितलं आणि गोळी घेतली. "घेतली तरी चुकतंय, नाय घेतली तरी चुकतंय," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

पण त्या दिवसापासून गल्लीतला शेकहँड बंद झाला. कुणी बाई पाव्हण्यासमोर बसायला लागली की गीताबाई म्हणायच्या, "नको, दुखतंय त्याला." आणि त्यानं पाय पुढं केलाच, तर त्या तो आपल्या मांडीवर घ्यायच्या, खोबरेल तेलाचं बोट लावून बोटांच्या मधल्या खाचा चोळायच्या, गोखरूचा काटा अडकला असला तर काढायच्या आणि पाय सोडून द्यायच्या. सांडूभाऊंना त्यांनी एकच सांगितलं, "त्याला 'झालं झालं' म्हणत जाऊ नका."

सांडूभाऊंनी म्हणणं सोडलं. तोंडातून निघून जायचं, मग अर्ध्यावर थांबायचे, "झा..." पाव्हणा मान तिरपी करून बघायचा.

त्याच दिवसांत त्यांनी प्रयोगशाळेत अर्ज दिला. कुत्री गेल्यावर त्यांना उंदरांच्या विभागात टाकलं होतं. मला बागेचं काम द्या, असं त्यांनी लिहिलं. सुपरवायझर बद्रीनाथ त्यांच्याहून लहान, त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला. अर्ज वाचून त्यानं विचारलं, "मामा, तुमचा हात हलका. तुम्ही गेले तर तुमच्या जागी कोण येणार, माहीत नाय. आपटून धरणारा आला तर? तुम्हालाच विचारतो. देऊ पुढं?"

सांडूभाऊ टेबलावरच्या अर्जाकडं बघत राहिले. खरं तर त्यांना वाटलं होतं, बद्रीनाथ हो तरी म्हणेल, नाही तरी म्हणेल. त्यानं प्रश्नच परत त्यांच्या हातात दिला. जेवणाची घंटा झाली, तरी ते उभेच होते. शेवटी अर्ज उचलून त्यांनी खिशात घातला. घरी आल्यावर गीताबाईंना सगळं सांगितलं. आता ते सगळंच सांगायचे. गीताबाई म्हणाल्या, "त्याचं पण खरं हाय. आणि नाय पण."

वर्ष झालं. पाव्हणा माती उकरायला शिकला. कडूबांच्या शेळ्यांमागं फिरायला लागला आणि शेळ्यांना काही झालं नाही, तेव्हा कडूबाही त्याला भाकरीचा तुकडा टाकू लागले. एका सकाळी भाजीवाल्याच्या भोंग्यावर तो अचानक लांब सुरात ओरडला आणि आपल्याच आवाजानं दचकून घरात पळाला. गीताबाई हसून हसून खाली बसल्या.

मग गावात रेबीजच्या लसीचं शिबिर आलं. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं, लस द्यायला डॉ. सायलीच आल्या होत्या. सांडूभाऊ पाव्हण्याला घेऊन रांगेत थांबले. नंबर आला तसे ते खाली बसले आणि त्याला मांडीशी घेतलं, पूर्वीसारखंच. डॉक्टरांनी पाकीट फाडलं.

पाव्हण्यानं पाय मागं ओढून घेतला. सांडूभाऊंनी जरा घट्ट धरलं, तर त्याच्या घशातून गुरगुर निघाली, तीही त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. आणि दुसऱ्या क्षणी त्यानं त्यांच्या अंगठ्याखाली दात रोवले. सोडलं, टेबलाखाली शिरला आणि तिथून भुंकायला लागला, थांबेचना.

रांगेतले लोक मागं सरकले. सांडूभाऊंच्या हातातून रक्त येत होतं. डॉ. सायली कापूस घेऊन धावल्या. "हिवराळे मामा, बसा खाली. रडताय कशाला, खोल नाही जखम."

"मी रडत नाय," सांडूभाऊ म्हणाले. ते हसतही होते. त्यांना काय होतंय हे त्यांनाच समजत नव्हतं. सात वर्षांत शेकडो वेळा ज्यानं पाय पुढं केला, त्यानं आज नाही म्हटलं होतं, आणि तेही त्यांनाच. त्यांना ते लागलं होतं, फार लागलं होतं. आणि तरी कुणी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं की आजचा दिवस चांगला गेला.

लस अर्ध्या तासानं दिली, तोंडाला पट्टी बांधून, दोघातिघांनी धरून, इतर कुत्र्यांना देतात तशी.

चार दिवसांनी तनुजाचा फोन आला. संस्था दर सहा महिन्यांनी चौकशी करायची.

"काका, कसा आहे? काही त्रास?"

"चावला."

"अरे देवा! कुणाला?"

"मला."

"परत घेऊन जाऊ का आम्ही? घाबरू नका, सोय होते."

"नको, नको! चांगलं झालं चावला ते."

तनुजा सावकाश म्हणाली, "काका, मी काय लिहू फॉर्मवर?"

सांडूभाऊंनी फोन गीताबाईंकडं दिला. गीताबाईंनी सांगितलं, "लिव्ह माय, पाव्हणा ठीक हाय. घरचा माणूस जरा गोंधळलेला हाय, पण त्यो पण ठीक हाय."

सांडूभाऊ आजही साडेसहाच्या बसनं जातात. निवृत्तीला चार वर्षं आहेत. उंदरांच्या विभागात ते पिंजरे धुतात, लाकडाचा भुसा बदलतात, धरायला लागलं तर धरतात. अर्ज कपाटात आहे. दोनदा त्यांनी तो बाहेर काढला, दोनदा आत ठेवला. मधे एकदा डबा भरता भरता गीताबाईंनी विचारलं, "त्या उंदरांना कोण घरी नेतं?"

"कुणी नाय नेत."

गीताबाईंनी डब्याचं झाकण लावलं. फाट्यावर बसचा हॉर्न झाला, सांडूभाऊ निघाले, आणि पाव्हणा ओट्यावर उन्हात अंग ताणून झोपला होता, त्यानं एक डोळा उघडून त्यांना बघितलं आणि परत मिटला.